ओली लोकर

माझ्या नवऱ्याचा देवावर भरवसा आहे, पण देवाने दिलेल्या शब्दावर नाही. त्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो.

आमच्या चर्चच्या मंडळीत याला ‘लोकर टाकणं’ म्हणतात. बायबलात एक भित्रा सरदार आहे. देवाने त्याला लढाईला जा म्हणून सांगितलं, तर तो लोकर पसरून बसला. म्हणाला, सकाळी ही दवाने भिजलेली निघाली आणि भोवतालची जमीन कोरडी निघाली, तर तू खरंच बोललास असं मी धरीन. तेव्हापासून आमच्या कॅन्ससच्या गहूपट्ट्यातले निम्मे पुरुष त्या सरदाराच्या जिवावर निर्णय लांबवत आलेत. माझा नवरा डेल्मर त्यांचा पुढारी. शेजाऱ्याचा फोन जेवायच्या आधी आला म्हणून त्याने कापणीयंत्र घेतलं, आणि दवाखान्यासमोर पिकअप लावायला जागा मिळाली नाही म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. त्या दिवशी गावात गुरांचा लिलाव होता, जागा कुणालाच मिळाली नव्हती. हे मी सांगितलं तर म्हणाला, “लिलाव कुणी ठेवला त्या दिवशी?” अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग?

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. शेल्बीच्या बाबतीत मात्र मला हसू येईना.

शेल्बी आठ वर्षांची. ख्रिसमसच्या आधी ती आमच्याकडे आली, सांभाळायला म्हणून. सगळं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. याआधी तीन घरांत राहून आलेली, आणि शेवटच्या दोन घरांनी तिला परत पाठवलं ते एकाच कारणावरून. झोपेत तिचं अंथरूण ओलं व्हायचं. हे आम्हांला सरकारच्या बालकल्याण खात्यातल्या मरीनाने दारातच हळू आवाजात सांगितलं. मी म्हटलं, माझ्याकडे धुण्याचं मशीन आहे.

पण पोरीच्या मनातून ते जाईना. सकाळी मी उठायच्या आत ती चादर काढून घडी करून ठेवायची आणि टॉवेलाने गादी घासत बसायची. विचारलं की म्हणायची, “ओलं नाही, मॅम. जरासंच होतं. आता कोरडं झालंय.” मी रागावले नाही हे बघून ती आणखीच घाबरायची. हळूहळू ते कमी झालं, उन्हाळ्यात तर जवळजवळ थांबलंच. तरी टॉवेल ती उशीखाली घेऊनच झोपायची.

डेल्मरला ती ‘सर’ म्हणायची. काहीही सांगितलं की “बरं, सर.” कोंबड्यांना दाणे घालशील का? बरं, सर. पाय पुसून ये. बरं, सर. त्याला ते आवडत नव्हतं, पण बदलायलाही त्याने सांगितलं नाही. शेतावर जाताना तिला पिकअपमध्ये मध्ये बसवायचा, शेंगदाण्याची पुडी तिच्या मांडीवर ठेवायचा, आणि घरी आल्यावर मात्र दोन हात लांब राहायचा. मला कारण माहीत होतं. तिच्याआधी ट्रे नावाचा मुलगा दोन वर्षं आमच्याकडे होता. त्याची आई सावरली आणि त्याला घेऊन गेली. ते योग्यच झालं. पण ट्रेचा खेळण्यातला ट्रॅक्टर पिकअपच्या पुढच्या काचेपाशी तसाच राहिला, आणि डेल्मरने तो आजवर हलवलेला नाही.

सप्टेंबरात पेरणी चालू असताना मरीनाचा फोन आला. शेल्बीच्या आईचा हक्क न्यायाधीशांनी कायमचा संपवला होता. आता शेल्बीला कायमचं घर हवं होतं.

“तुम्ही तिला दत्तक घेणार असाल तर गुरुवारी सकाळी दोघं येऊन सांगा,” मरीना म्हणाली. “नसाल तर मी एक घर बघून ठेवलंय, कोलोरॅडोच्या हद्दीकडे. माणसं बरी आहेत.”

“बरी म्हणजे?” मी विचारलं.

“अजून त्यांना नीट ओळखत नाही मी, लव्हॉन. खरं सांगते.”

माझं उत्तर तर फोन ठेवायच्या आत तयार होतं. दत्तकाला दोघांचा होकार लागतो, म्हणून गप्प बसले. डेल्मर म्हणाला, “प्रार्थना करू.” मी म्हटलं, कर बाबा. बुधवारपर्यंत त्याची प्रार्थना चालू होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

बुधवारी जेवणं झाल्यावर मी भांडी विसळत होते. खिडकीतून पाहिलं तर डेल्मर पिकअपच्या सीटवरचं मेंढीच्या लोकरीचं कव्हर सोडवत होता. त्या जुन्या गाडीची सीट एकसंध, तिघं बसतील अशी, आणि तिच्यावर ते कव्हर आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापासूनचं. ते खांद्यावर टाकून तो अंगणाकडे निघाला. मी ओल्या हातांनीच बाहेर गेले.

“झटकायला काढलंस?”

गवतावर त्याने ते नीट पसरलं, कोपरे ओढून सरळ केले.

“डेल्मर, पोरीवरून लोकर टाकतोयस?”

“मोठा निर्णय आहे, लव्हॉन.”

“मोठा आहे म्हणूनच विचारते. कापणीयंत्राला जी रीत, तीच पोरीला?”

“ट्रेच्या वेळी मी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “वाटलं, देव म्हणतोय ठेव. ठेवला. मग काय झालं ते तू पाहिलंस.”

“पाहिलं ना. दोन वर्षं ते पोर पोटभर जेवलं आणि शांत झोपलं. देवाने तेवढंच काम सांगितलं असेल तर?”

“आणि माझं काय?”

हे मात्र त्याने पहिल्यांदाच बोलून दाखवलं. माझा राग तिथेच अर्धा झाला असता, पण मी होऊ दिला नाही.

“तुला ती हवी आहे,” मी म्हटलं. “शेंगदाण्याची पुडी कुणासाठी आणतोस? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?”

“ओली निघाली तर ठेवू. कोरडी निघाली तर नाही म्हणून येऊ. मग चिडू नकोस.”

“चिडणार. आत्तापासूनच चिडलेय.”

तेवढ्यात शेल्बी मांजराच्या पिल्लाला पोटाशी धरून कोठाराकडून आली. लोकरीकडे पाहत म्हणाली, “सर, ते तिथे ओलं होईल.”

डेल्मरला खोटं बोलता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कधी गप्प बसावं हेही त्याला कळत नाही. “तेच बघायचंय सकाळी,” तो म्हणाला. “ओलं झालं की नाही. त्यावरून तुझं काय ते ठरेल.”

शेल्बीने पिल्लाला जरा घट्ट धरलं. “बरं, सर,” म्हणाली आणि आत गेली.

अंधार पडायच्या आधी मी झाडांना पाणी घालायची झारी भरली. भरलेली झारी घेऊन त्या लोकरीपाशी जाऊन उभी राहिले. खाली ओतायची तेवढीच खोटी होती. डेल्मर आत बातम्या ऐकत होता आणि देव माझ्या बाजूचाच आहे याची मला खात्री होती. पण ओतलं असतं तर तो जन्मभर माझ्या झारीवर श्रद्धा ठेवून बसला असता, आणि पोरीला पहिला ताप आला की पुन्हा दुसरी लोकर अंगणात आली असती. मी झारी टोमॅटोंच्या मुळाशी रिकामी केली. मग तिथेच उभी राहून प्रभूला सांगितलं, तू या पोरीवर प्रेम करतोस एवढं मला कळतं, तेवढं मला पुरे आहे. सकाळी काहीही निघो, मी हिला सोडणार नाही. कोलोरॅडोला जायची वेळ आली तर मी तिच्यामागे कोलोरॅडोला जाईन. आता या माणसाचं तू बघ. प्रार्थनेपेक्षा ती दमदाटीच जास्त होती, पण मनापासून होती.

उजाडताना दार वाजलं आणि मला जाग आली. डेल्मर ड्रेसिंग गाऊन चढवून बाहेर निघाला होता. मीही उठले. शेल्बीच्या खोलीचं दार उघडं, अंथरूण रिकामं. न्हाणीघरातले सगळे टॉवेल गायब.

ती अंगणात होती. लोकरीवर गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी टॉवेल दाबून दाबून ती पुसत होती. भोवती पिळलेल्या टॉवेलांचा ढीग. माझे पाहुण्यांसाठी ठेवलेले पांढरे टॉवेलसुद्धा त्यात होते. थंडीने तिची बोटं लाल झाली होती. आम्हांला पाहून ती आणखी जोरात पुसू लागली.

“मी नाही केलं, सर. आधीच ओलं होतं. मी आले तेव्हाच होतं. आता झालंच आहे, एवढा कोपरा राहिलाय.”

“शेल्बी,” डेल्मर म्हणाला, “का पुसतेस?”

“तुम्ही म्हणालात ना. ओलं झालं की नाही त्यावरून ठरेल.”

“ओलं निघालं तर काय होईल असं तुला वाटलं?”

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं या म्हाताऱ्याला कसं कळत नाही. “तर परत,” ती म्हणाली.

डेल्मरचा गुडघा धड वाकत नाही. तरी तो त्या गवतात खाली बसला, एक हात जमिनीला टेकवून, कण्हत. मी आधाराला गेले नाही. बसू दे म्हटलं.

“ओलं निघालं तर तू इथे राहायचीस,” तो म्हणाला. “कायमची. असं ठरवलं होतं मी.”

“ओलं केल्यावर कुणी ठेवत नाही.”

“तसंच ठरवलं होतं. लव्हॉनला विचार.”

शेल्बीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. हातातल्या टॉवेलाकडे बघता बघता तिचा चेहरा पांढरा पडला.

“पण मी पुसून टाकलं,” ती म्हणाली. “सगळं पुसून टाकलं मी.” आणि उठून पळाली ती थेट कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्याकडे. ते दोन्ही हातांनी उचलून, अंगावर सांडत ती परत येत होती.

डेल्मरने बसल्या जागेवरून हात लांब करून तिला अडवलं. भांडं काढून घेतलं, बाजूला ठेवलं, आणि तिचे ते गारठलेले हात आपल्या हातांत धरले.

“राहू दे,” तो म्हणाला. “आता कशाची गरज नाही.”

“पण देवाला कसं कळेल, सर?”

“त्याला केव्हाच कळलंय. ख्रिसमसपासून तो मला सांगतोय. मीच कानांत बोळे घालून बसलो होतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “लव्हॉन, तू काही बोलू नकोस.”

“मी कुठे बोलले?” मी म्हटलं.

गवत ओलं होतं की कोरडं, हे पुढे मंडळीत मला कितीतरी जणांनी विचारलं. मी पाहिलंच नाही. डेल्मरनेही पाहिलं नव्हतं, आणि त्याच्यासारख्या माणसाने पाहिलं नाही यातच सगळं आलं.

मरीनाकडे सकाळीच पोचायचं होतं, घाई झाली. कालचेच बन गरम करून हातात घेतले. डेल्मरने लोकरीचं कव्हर पुन्हा सीटवर चढवलं, कारण त्याखालच्या सीटच्या स्प्रिंगा वर आल्यात, बसवत नाही. मी म्हटलं, अजून ओलसर आहे. तो म्हणाला, “असू दे. बसायचं.” निघायच्या आधी त्याने काचेपाशी ठेवलेला ट्रेचा ट्रॅक्टर उचलला आणि शेल्बीच्या मांडीवर ठेवला. “हा धर नीट. रस्त्यात खड्डे आहेत.”

त्या पूर्ण वाटेत आम्ही तिघं त्या ओल्या लोकरीवर बसून होतो. गावात उतरलो तेव्हा जे व्हायचं ते झालंच होतं. शेल्बीने उतरल्याबरोबर मागे हात लावून पाहिला. मग अंगातला स्वेटर काढून कमरेला मागच्या बाजूने बांधायला लागली. गाठ बसत नव्हती. कचेरीच्या दारापाशी मरीना उभी होती.

डेल्मरने ते पाहिलं. उपासनेला शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावून जाणारा माणूस. तो भर रस्त्यात शेल्बीकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, “बघ जरा. माझं जास्त ओलं झालंय का?”

शेल्बी बघतच राहिली. त्याच्या राखाडी पँटवर मागे परातीएवढा ओला डाग होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मीही वळून दाखवलं. माझा रविवारचा निळा स्कर्ट, आणि डाग काही लहान नव्हता.

“सगळ्यांचंच,” ती म्हणाली.

“आपल्या घरात असंच असतं,” डेल्मर म्हणाला. “चल.”

तिने स्वेटर सोडला, ट्रॅक्टरसकट माझ्याकडे दिला, आणि आमच्या पुढे होऊन मरीनासमोरून तशीच आत चालत गेली.