अठरा हलकी खोकी

शिपायाची पोरगी शिपाई झाली, असं तिची आई भेटेल त्याला सांगायची आणि समोरचा हसेपर्यंत थांबायची. आई तीस वर्षं शाळेत शिपाई होती. घंटा वाजवणं, वर्ग झाडणं, मास्तरांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळणं, सगळं तिच्याकडे. लेक सैन्यात गेली, चढत चढत हवालदार झाली, आणि आता तिला सरहद्दीवर जायचा हुकूम आला होता. कागद एक, कामं दोन. नाक्यापलीकडच्या सात शाळांना वह्या-दप्तरं पोचवायची आणि नाक्यावरच्या बावीस सरहद्द पोलिसांना झडतीचं काम शिकवायचं. मुदत सहा आठवडे.

"म्हणजे शेवटी बाईच झालीस की," आई फोनवर म्हणाली. "मी तेव्हाच सांगत होते, मास्तरकीचा कोर्स कर म्हणून."

"बाई नाही गं, प्रशिक्षक."

"तेच ते. फळा पुसायला कुणी आहे का तिथं?"

फळाच नव्हता. नाका म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, दारात टेबल, टेबलावर फुगलेली नोंदवही आणि रस्त्यावर लाल-पांढरी दांडी. दांडीच्या एका टोकाला वजन म्हणून दगडांनी भरलेला डबा बांधला होता. हवालदारने पहिल्या दिवशी खोलीच्या दारावरच खडूने गाडीचं चित्र काढलं आणि शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला 'बाई' म्हणू लागले. तिने दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

नाक्याचे प्रमुख जमादार मात्र 'हवालदारबाई' म्हणायचे, आणि तेही मिशीतल्या मिशीत हसत. सव्वीस वर्षं याच दांडीपाशी काढलेला माणूस. "गाडी वळणावर आली की मी वासावरून सांगतो आत काय आहे ते," ते म्हणायचे. ओळखीच्या गाडीची झडती घेणं त्यांना अपमानासारखं वाटायचं, म्हणजे गाडीवाल्याचाही आणि स्वतःचाही.

हवालदारने वाद घातला नाही. आपल्याच जीपमध्ये तिने पाच वस्तू लपवल्या आणि म्हणाली, "शोधा." अर्ध्या तासात बावीस जणांनी मिळून दोन शोधल्या. उरलेल्या तीन एकटीने काढून दाखवल्या त्या एका लहानखुऱ्या पोलीस पोरीने. ती जीपखाली सरपटत गेली आणि तेलाने माखलेली बाहेर आली. नाक्यावर तिला सगळे मुंगी म्हणत. बोलायची कमी, पण हातातलं काम कधी अर्धवट टाकायची नाही.

"कागदावरचा आकडा जुळला म्हणजे झडती झाली, असं नाही," हवालदार त्या दिवशी म्हणाली. "हात लावा. उचला. हलवून बघा. आणि अनोळखी माणसावर एक डोळा ठेवलात, तर ओळखीच्यावर दोन्ही ठेवा."

"मग माणसांनी एकमेकांना ओळखायचंच कशाला?" जमादारांनी विचारलं. सगळे हसले. हवालदारही हसली, पण धडा बदलला नाही.

तीन शाळा झाल्या. सामान आणणारा भाड्याचा ट्रक दर खेपेला तोच असायचा आणि ड्रायव्हरही तोच. नाक्यावरचे त्याला मामा म्हणत. तो गावाकडची वर्तमानपत्रं आणायचा, कुणाच्या रेडिओला सेल आणायचा, कुणाची चिठ्ठी पोचवायचा. मामाचा ट्रक दिसला की दांडी आपोआप वर जायची.

चौथी शाळा सगळ्यांत मोठी. हवालदारचे वरिष्ठ कॅप्टनसाहेब वाटपाच्या कार्यक्रमाच्या पाहुण्यांना घेऊन आधीच तिथं पोचले होते. पुढं ट्रक, मागं जीपमध्ये हवालदार, असे ते सकाळी साडेनऊला नाक्यावर आले. आणि दांडी वर गेली नाही.

दांडीपाशी मुंगी उभी होती. "कागद दाखवा मामा. आणि खाली उतरा."

मामा हसला. "काय गं, आज उन्हात डोकं तापलं का तुझं?"

जमादार खोलीतून लगबगीने बाहेर आले. "अगं, आपल्याच बाईंची गाडी आहे!"

"म्हणूनच थांबवली," मुंगी म्हणाली. तिचा दांडीवरचा हात हलला नाही. जीपकडे वळून ती म्हणाली, "बाई, तुम्हीही उतरा."

हवालदारच्या ओठांवर 'सोड' हा शब्द आला होता. पलीकडे शाळाभर पोरं ताटकळत होती, साहेब वाट बघत होते, आणि ट्रकवर तिच्या स्वतःच्या सहीचा कागद होता. पण आज आपण 'सोड' म्हटलं तर चार आठवडे शिकवलेलं पाण्यात, हेही तिला लख्ख दिसलं. ती उतरली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली.

मुंगीने दोघा पोलिसांना ट्रकवर चढवलं. खोकी मोजली. कागदावर एकशे चाळीस, ट्रकमध्ये एकशे चाळीस. मामा पुन्हा आत चढून बसला आणि त्याने किल्ली फिरवायला हात उचलला.

"अजून झालं नाही," मुंगी म्हणाली. "एकेक खोकं खाली घ्या."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. कॅप्टनसाहेब होते. "पोरं नऊपासून रांगेत उभी आहेत. कुठं अडकलात?"

"नाक्यावर, साहेब. झडती चालू आहे."

"कुणाची?"

"माझी."



वरचे तीन थर वह्या-दप्तरांचेच निघाले. उतरवणाऱ्यांच्या पाठी वाकल्या. तळाच्या थराला हात घातला आणि एक धिप्पाड शिपाई मागच्या मागे धडपडला, कारण खोकं अपेक्षेपेक्षा निम्म्या वजनाचं होतं. मुंगीने ते जमिनीवर ठेवून चिकटपट्टी फाडली. वर एकीखाली एक अशा दोन वह्या, आणि त्याखाली ठासून भरलेली सिगारेटची पाकिटं. अशी अठरा खोकी निघाली.

मामा दार उघडून पळाला. पण त्याने दिशा चुकीची निवडली, कारण त्या बाजूला जमादार उभे होते. वासावरून गाडी ओळखणाऱ्या म्हाताऱ्याने त्याची कॉलर धरली ती सोडलीच नाही. "माझ्या सव्वीस वर्षांच्या तोंडाला काळं फासलंस," ते दात आवळून म्हणाले. "किती खेपा झाल्या? बोल!"

हवालदारला सामान भरलं ते गोदाम आठवलं. पहाटेची घाई होती, गोदामवाला चहा पुढं करत होता, आणि तिने वरची तीन खोकी उघडून, बाकीची मोजून सही केली होती. तळाला हात लावला नव्हता. दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट तिने स्वतःच केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिचे कान तापले.

मुंगी नोंदवही घेऊन बसली होती, पण पेन अडलं होतं. "बाई, सामान ताब्यात घेणाऱ्याचं नाव... तुमची सही आहे."

"मग लिही की. न तपासता सही केली, असं लिही."

"असं स्पष्ट?"

"स्पष्ट. आणि शुद्धलेखन नीट ठेव, वर जाणार आहे ते."

कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्यांचे श्वास मोकळे झाले. हवालदारला स्वतःलाही हलकं वाटलं. चूक झाली होती, ती निस्तरता येणार होती, आणि ती पकडणारं माणूस तिने स्वतः घडवलं होतं. लाज आणि अभिमान एकाच वेळी वाटू शकतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

ट्रक जप्त झाला. उरलेली एकशे बावीस खोकी जीप आणि पोलिसांच्या पिकअपमधून दोन खेपांत शाळेत गेली. पाहुणे तोवर निघून गेले होते. पोरं नव्हती गेली. दप्तरं आणि कंपासपेट्या सगळ्यांना मिळाल्या, पण चौथीच्या दोन तुकड्यांना वह्या उरल्या नाहीत.

मुख्याध्यापिकाबाईंनी पदर खोचला. "मोठ्या वर्गांच्या वह्या जाड आहेत. मधून कापू." त्यांनी कागद कापायचा सुरा आणला. अर्ध्या वह्यांची पानं सुटायला लागली, तेव्हा हवालदारने पोती शिवायचा दाभण आणि दोरा मागून घेतला. वर्षाअखेरीला उरलेली कोरी पानं शिवून आई गरीब पोरांना वह्या करून द्यायची. हात विसरला नव्हता. तिने दोन शिवून दाखवल्या आणि मग शाळेच्या ओसरीवर आठ पोलीस मांडी घालून वह्या शिवायला बसले. जमादारांनी दोनदा बोट टोचून घेतलं, पण टाके मात्र सरळ घातले.

कॅप्टनसाहेब दुपारी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "हवालदार, तुमच्याच पोरीनं तुम्हालाच पकडलं. गुरूची विद्या गुरूला."

"हो साहेब. काम सहा आठवड्यांचं होतं, चारच आठवड्यांत झालं."

साहेबांनी चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला. "लेखी समज मिळेल तुम्हाला."

"मिळायलाच पाहिजे, साहेब."

समज मिळाली आणि ती तिच्या फाइलला लागली. चौकशीत गोदामवालाही सापडला. काढून घेतलेल्या वह्या त्याच्याच माळ्यावर निघाल्या आणि पंधरवड्याने चौथीच्या पोरांना पोचल्या. नाक्यावर नवा नियम झाला, गाडी कुणाचीही असो, तळाचा थर उतरवायचाच. नियम जमादारांनी स्वतः दारावर लिहिला, खडूने नाही, रंगाने.

आईला तिने सगळं सांगितलं, समजेसकट. आई म्हणाली, "पोरगी हुशार आहे गं. काय नाव म्हणालीस? मुंगी? तिला नीट शिकव."

सहावा आठवडा संपता संपता साहेबांनी तिला आणि जमादारांना बोलावलं. उत्तरेकडच्या नाक्यावरही असंच प्रशिक्षण हवं होतं. जाल का, त्यांनी विचारलं.

"जाते साहेब. पण झडतीचा वर्ग मी घेणार नाही. तो मुंगी घेईल. तिला माझ्याबरोबर द्या."

साहेबांनी जमादारांकडे पाहिलं. जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. "माझी सगळ्यांत चांगली पोरगी मागताय हवालदारबाई."

"मागतेच आहे."

"दोन महिन्यांसाठी देतो," जमादार म्हणाले आणि हवालदारने आधीच लिहून टेबलावर ठेवलेला अर्ज पुढं ओढला. सही करण्याआधी मात्र त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून, सावकाश वाचला. घाई कुणालाच नव्हती.