जावयापुरता नियम

रुग्णालयात तिला सगळे ‘विलायती’ म्हणत. खरं तर तिचं माहेर रुग्णालयाच्या मागच्याच गल्लीत. इथल्या कॉलेजात प्रवेश हुकला म्हणून ती परदेशात डॉक्टर होऊन आली, एवढाच काय तो गुन्हा. भूलतज्ज्ञ व्हायचं म्हणून तिने दोनदा प्रशिक्षणाच्या जागेसाठी अर्ज केला. दोन्ही वेळा भूल विभागाच्या प्रमुखांनी तिच्या तोंडाला पानं पुसली. “आपली मुलं आधी,” सर छातीवर हात ठेवून म्हणत. मग ती आपली मुलं श्वासाची नळी अन्ननलिकेत सारून बसली, की हेच सर ओरडत, “अहो विलायती, जरा बघा हो!”

यंदा मात्र सरांना उदारपणाचा उमाळा आला. परदेशात शिकून इथे सहा महिने काम केलेल्यांनाही ‘आपलेच’ धरावं, असा ठराव त्यांनी रेटून पास केला. गुणवत्तेला कसल्या आल्यात सीमा, असं भाषणही ठोकलं. सरांचे जावई परदेशात शिकून परतले होते आणि विभागात त्यांचे सहा महिने नुकतेच भरले होते. विलायती चार वर्षं तिथेच राबतेय, हे सरांच्या ध्यानातच नव्हतं.

“अगं, दार जावयासाठी उघडलंय ना?” भाजी निवडता निवडता आई म्हणाली. “मग तूही शीर की आत!”

चाळणीतून शेवटी दोघंच उरली, जावई आणि ती. जागा एकच. मुलाखतीला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी जावयांना विचारलं, “नळी बसत नाहीये, ऑक्सिजन भराभर उतरतोय. काय कराल?”

जावई सरळमार्गी माणूस. म्हणाले, “विलायतींना हाक मारीन.”

“या कोण?”

जावयांनी दाराबाहेर बोट दाखवलं. सरांना ठसका लागला.

मग तिला आत बोलावलं. तोच प्रश्न. तिने एकेक पायरी शांतपणे सांगितली. बाई लिहीत राहिल्या.

“पण या प्रशिक्षणात अडकल्या तर यांचं आत्ताचं काम कोण बघणार?” सरांनी शेवटचा डाव टाकून पाहिला.

“आपली मुलं आहेत ना, सर,” ती म्हणाली.

जागा तिला मिळाली. आई पेढे वाटत सुटली, पण वाया गेलेल्या वर्षांमुळे तिला पेढा गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी जावई खालमानेने आले. “नळी घालायला शिकवाल?”

“शिकवीन. पण सासऱ्यांनाही घेऊन या,” ती म्हणाली. “त्यांचाही हात बरीच वर्षं नळीला लागलेला नाही.”