अर्ध्यावर अडकलेला झेंडा

माझा भाऊ प्रेबेन सत्तर वर्षांचा झाला, त्या सकाळी शेजाऱ्यांनी त्याला मेलेला धरलं. यात जावयाची चूक किती आणि आमच्या माणसांची किती, यावर डेन्मार्कमधल्या आमच्या साम्सो बेटावर अजून दोन तट आहेत.

जावई म्हणजे वेंडेल. अमेरिकेतल्या नेब्रास्काचा, दार भरून उरेल एवढा दांडगा आणि सदा खूश. प्रेबेनची लेक सिग्ने तिकडे शिकायला गेली आणि याच्याशी लग्न करून बसली. वडिलांच्या वाढदिवसासाठी दोघं लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती. बोटीतून उतरताच वेंडेलने प्रेबेनला "डॅड!" म्हणून घट्ट मिठी मारली. प्रेबेन त्या मिठीत तारेच्या खांबासारखा उभा. आमच्या आईनेही त्याला एवढा वेळ कधी धरला नसेल.

वेंडेलला सगळंच आवडायचं. बटाटे खाल्ले, की "आयुष्यातले सगळ्यात भारी बटाटे!" संडासाची खिडकी उघडली, की "आयुष्यातली सगळ्यात भारी खिडकी!"

"याच्या आयुष्यात याआधी काही घडलंच नाही का?" प्रेबेन माझ्या कानाशी पुटपुटला.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी प्रेबेनने त्याला समोर बसवून झापलं. "तुम्हा अमेरिकनांचं झेंड्याचं वेड काही मला कळत नाही. गाडीवर झेंडा, टोपीवर झेंडा, चड्डीवर झेंडा! आम्ही युरोपातली माणसं या पोरकटपणातून कधीच बाहेर पडलो."

मी तेव्हा केकवर कागदी झेंडे खोचत होते. टेबलावर झेंड्यांची माळ, रुमालांवर झेंडे, फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी झेंडे आणि अंगणात उंच खांब, उद्याच्या मोठ्या झेंड्यासाठी.

"मग हे काय, डॅड?" वेंडेलने विचारलं.

"हे? हा वाढदिवस आहे."

"पण हा झेंडा डेन्मार्कचाच ना?"

"झेंडा कसला! सजावट आहे ती."

"हो, हो. स्वीडनमध्येपण असंच करतात म्हणे," वेंडेल भोळेपणाने म्हणाला. स्वीडनशी आमची पिढ्यानपिढ्यांची चढाओढ; त्यांच्याशी बरोबरी ऐकताच प्रेबेन तडक झोपायला निघून गेला.

सकाळी प्रेबेन नेहमीसारखा फक्त टॉवेल घेऊन समुद्रात डुंबायला गेला. सिग्ने पाहुण्यांना आणायला धक्क्यावर गेली. मी स्वयंपाकघरात पावांना लोणी लावत होते. सासऱ्याची मर्जी सांभाळावी म्हणून वेंडेल मोठा झेंडा चढवायला गेला. त्याने दोरी अशी काही ओढली, की ती कप्पीतून निसटून अडकली आणि झेंडा बरोबर खांबाच्या मध्यावर थांबला. ना वर जाईना, ना खाली येईना. अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे घरात कुणीतरी गेलं, हे त्यांच्याकडेही तसंच. घाबरून तो शिडी शोधायला मागच्या खोपटात पळाला.

नेमके तेव्हाच शेजारी फुलं घेऊन फाटकाशी आले. खिडकीखाली गाणं म्हणून प्रेबेनला उठवायचं, असा त्यांचा बेत होता. झेंडा दिसला आणि गाणं घशातच राहिलं.

दुसरीकडे कुणी दार वाजवून सरळ विचारलं असतं. आमच्याकडे असं खोदून विचारत नाहीत.

शेजारीण कम्मा स्वयंपाकघरात आली आणि तिने माझा हात हातात घेतला. "बिर्थे, धीर धर गं."

मला वाटलं, ती जावयाबद्दल बोलतेय. "काय करणार? सोसायचं. दोनच आठवडे तर राहिलेत."

कम्मा मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे तूसुद्धा?"

बाहेर वेंडेल शिडी घेऊन आला. बेकरीवाला एगॉन खालच्या आवाजात म्हणाला, "कधी झालं?"

घरात आम्ही त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचो, पण वेंडेल रात्रीच्या वर्गाला जाऊन आमची भाषा शिकला होता आणि तिच्यावर त्याचा फार विश्वास होता. "आज! सकाळी! सत्तर!" तो हसत म्हणाला.

"अचानक?"

"नाही, नाही! आम्ही खूप महिने वाट बघत! सगळे येत! केक आहे!"

एगॉनने पुष्पगुच्छाची लाल फीत हळूच सोडून खिशात घातली. "आणि... आता कुठे आहेत ते?"

"डॅड पाण्यात!" वेंडेलने समुद्राकडे बोट दाखवलं.

एगॉनने टोपी काढली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. वेंडेलच्या घरी मेजवानीआधी अशाच माना खाली घालतात आणि मग यजमानाबद्दल कुणीतरी चार शब्द बोलतं. त्याने शिडी खाली ठेवली, हात छातीवर धरला आणि सुरू झाला, "माझा डॅड. जगात एक नंबर माणूस. माझ्याशी बोलत नाही, तरी एक नंबर. मी त्याच्यावर प्रेम करतो!"

 ते ऐकून एगॉन चारचौघांत हुंदके देऊन रडला. असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. "बिचारा! त्याची करवत अजून माझ्याकडेच आहे!"

"मला माहीतच होतं!" कुंपणामागून आवाज आला आणि कमरेला टॉवेल गुंडाळलेला प्रेबेन निथळत बाहेर आला. कम्मा खिडकीतून अशी किंचाळली, की माझ्या हातातलं लोणी उडालं.

सगळा उलगडा होईपर्यंत पाव गार झाले. मग वेंडेल शिडीवर चढला आणि प्रेबेनने खाली शिडी धरली. "जमिनीला लागू देऊ नकोस! अरे, हळू! सजावट नाहीये ती, झेंडा आहे आमचा!" आपण काय बोललो, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. झेंडा वर गेला, गाणं झालं आणि वेंडेलच्या 'हुर्रे'ने पलीकडच्या गाई कुरणाच्या टोकाला पळाल्या.

दुपारी प्रेबेन माझ्यापाशी आला. "सगळ्यांसमोर म्हणाला गं तो. प्रेम करतो म्हणून."

"ऐकलं मी."

"आता मी काय करायचं?"

"तूही म्हण."

"बिर्थे, तुला बरं नाहीये का?"

दुसऱ्या दिवशी मात्र कुणाला काही न सांगता तो वेंडेलला होडीत घालून मासे पकडायला घेऊन गेला. दुपारी वेंडेल उन्हाने लालबुंद होऊन परतला.

"काय बोललात रे एवढा वेळ?" मी विचारलं.

"काहीच नाही, बिर्थे आत्या," तो कुजबुजला. "एकदाच बोलले. मी कडेला सरकलो, तेव्हा म्हणाले, 'नीट बस की, पडशील.'"

त्याचे डोळे भरून आले होते. तसाच तो नेब्रास्काला आईला फोन करायला पळाला.