मंगळूला पाजलेलं मनुकांचं पाणी

मी मखमलाबादची एक म्हातारी मांजर आहे. दात पडलेत, पण तोंड अजून फटकळ आहे. कुत्र्याच्या बापाला मी भीत नाही. पण मित्रांनो, भिजवलेल्या मनुकांचा वास आला की आजही माझी शेपटी फुगते.

माझी मालकीण यशोदाबाई. मेथी-कोथिंबिरीचा मळा तिचा. २००५ साली तिच्या धान्याच्या खोलीत मला एकुलतं एक पिलू झालं. मंगळवारी जन्मला, म्हणून तिने त्याला मंगळू म्हटलं. घरात तिच्या सुनेचं, मंजुषाचं, तान्हं बाळही होतं. बाळाला शी झाली नाही की यशोदाबाई मनुका भिजवून, कुस्करून त्याचं पाणी पाजायची. बाळ मोकळं व्हायचं.

दोन महिन्यांचा मंगळू एका सकाळी तसाच कुंथत बसला. यशोदाबाईने तीच वाटी काढली. आधी कुणाला तरी विचारू, असं मंजुषा म्हणत होती.

"लेकराला सोसतं, मग पिलाला काय व्हतंय?" यशोदाबाई म्हणाली, आणि गरासकट पाजलं. मी तिच्या पायाला अंग घासत होते. मूर्खच मी!

दुपारी मंगळू ओकला. मग मान टाकून पडला. माझं दूध पिईना, लघवीही होईना. मी त्याला चाटतच राहिले. पोट साफ झालं नाही म्हणून असं होतंय, असं म्हणत यशोदाबाई पुन्हा वाटी घेऊन आली. मी झडपच घातली. वाटी सांडली, तिचा हात ओरबाडला आणि मला केरसुणी बसली.

मंजुषाने मात्र मंगळूला वायरच्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावून त्याला ठेवून घेतलं. घरी येऊन तिने सांगितलं, की द्राक्षं, मनुका, बेदाणे मांजराला देऊच नयेत. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याचं मूत्रपिंड बंद पडतं, आणि कुणाचं ते आधी कळत नाही. दोन दिवस मी दारातून हलले नाही. तिसऱ्या दिवशी मंजुषा त्याला आणायला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परतली.

"मीच मारलं गं तुझ्या लेकराला," म्हणत यशोदाबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, रागाचा हात मी लांबून ओळखते आणि पळते. मनुकांचं पाणी पाजणारा तो हात मायेचा होता, म्हणून मी पळाले नाही आणि पिलालाही पळवलं नाही. तेव्हा आम्हाला काही भरवण्याआधी डॉक्टरांना विचारा. तुमच्या हातातलं आम्ही न विचारता खातो.