माझ्या अंगावरची जुनी तारीख

मी एक जुने प्लॅस्टिकचे पाकीट आहे, मित्रांनो. पारदर्शक, एका बाजूने उघडे, आणि गुणांपेक्षा एका दोषामुळे लक्षात राहिलेले. मी मऊ राहावे म्हणून कारखान्यात माझ्यात एक तेलकट द्रव्य मिसळले होते. त्याचा परिणाम पुढे येईलच.

जनावरांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या मोटारीत, समोरच्या कप्प्यात, मी सहा वर्षे नोकरी केली. काम एकच : विम्याचा कागद सांभाळणे. दरवर्षी जुन्या विम्याची मुदत संपली की त्याच सकाळी बाईंचे बाबा जुना कागद काढून नवा माझ्यात सरकवत.

“बाबा, मोबाइलमध्ये आहे की सगळं.”

“असू दे. मोबाइलला रेंज लागते, कागदाला लागत नाही.”

त्या वाक्याचा मला अभिमान वाटे. पण लेझर छपाईची अक्षरे म्हणजे बारीक भुकटी असते, आणि तापलेल्या बंद गाडीत माझ्यातले द्रव्य तिला मऊ करते. एका कडक उन्हाळ्यात कागदावरची बरीच अक्षरे माझ्या आतल्या बाजूला चिकटली. हिवाळ्यात कागद बदलला; जुनी अक्षरे माझ्यावरच राहिली आणि मुदतीची जुनी तारीख नेमकी नव्या तारखेवर बसली. बाबांचा चष्मा त्या दिवशी घरात होता.

त्यानंतर नवव्या दिवशी घाटातल्या नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. पलीकडच्या वस्तीवर एक गाय सकाळपासून अडली होती. बाईंनी मला पुढे केले.

“विमा संपलाय, बाई. गाडी इथेच राहील.”

“असं कसं? बाबांनी परवा-परवा बदललाय.”

“बाबांना कशाला मध्ये आणता? तारीख वाचा.”

बाईंनी मोबाइल काढला. रेंज नव्हती.

“अहो, गाय अडलीय. तासाभरात पोचले नाही तर वासरू जाईल, कदाचित गायही.”

“या नाक्यावर रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी अडलेलंच असतं.”

तेव्हा बाईंनी मला उन्हाकडे धरून पाहिले आणि कागदाचे टोक चिमटीत पकडले. मित्रांनो, मी नवस-सायासांवर विश्वास ठेवत नाही. अक्षरे चिकटायला उष्णता आणि काळ लागतो. इथे थंडी होती आणि फक्त नऊ दिवस झाले होते. तरीही कागद निघेपर्यंत मी ताठ होऊन राहिलो. नवी तारीख त्याच्यासोबत बाहेर आली, एकही आकडा न गमावता. जुनी माझ्यावर राहिली.

पोलिसांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिले.

“कागद खरा आहे. पाकीट खोटं बोलतंय. निघा लवकर.”

त्या नऊ दिवसांसाठी मी बाबांचा ऋणी आहे. त्यांनी आळस केला असता, तर माझ्या अंगावरची जुनी तारीखच खरी ठरली असती. मला फेकून दिले नाही, याबद्दल बाईंचेही आभार. विम्याचा कागद आता कागदी लिफाफ्यात असतो. माझ्यात त्यांचे हातमोजे असतात, ज्यांच्यावर काहीच छापलेले नाही.

मित्रांनो, कागद जवळ ठेवा. आणि अधूनमधून बाहेर काढून, चष्मा लावून वाचा.

वासराचे काय झाले, ते मी पाहिले नाही. मी कप्प्यात होतो. मला माहीत आहे ते इतकेच, की परतताना कप्पा उघडणारा हात कोपरापर्यंत ओला होता आणि बाई गुणगुणत होत्या. एवढा पुरावा मला पुरतो.