बोटभर खोल

"टोक वर! टोक वर म्हणतोय ना!"

काठी मनगटावर बसली आणि लेकीच्या हातातला कंद मातीत गडगडला. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई ती. तरी तिचे खांदे आठ वर्षांच्या पोरीसारखे आक्रसले.

बाबा पायरीवर बसले होते. उभा जन्म सरकारी बागेत हेडमाळी. "यांच्या हाताला गुण आहे हो," असं सारी वस्ती म्हणायची. बागेत रोपाचं पानही त्यांनी कधी दुखवलं नाही. दुखवायचं ते सगळं घरी आणलं.

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. इस्पितळात शेवटचं तिने एवढंच सांगितलं होतं, "निशिगंधाचे कंद टोपलीत आहेत बघ. माझ्या वाफ्यात लावून टाक, नाहीतर कुजून जातील गं."

"बोटभर खोल, वीतभर अंतर," बाबा म्हणाले. "आईसारखे तिरके खड्डे नकोत. जन्मात एक खड्डा तिला सरळ जमला नाही."

लेक थांबली. "तिचं बोट कुणी मोडलं, बाबा?"

"दारात सापडलं होतं."

"दारात नाही. फावड्याचा दांडा घातलात तुम्ही. एक कंद उलटा लागला म्हणून. ते वाकडंच जुळलं. मी तिथंच होते, झारी धरून."

"तोंड चालवतेस? अगदी आईवर गेलीस!"

"आई कुठे बोलायची?"

ते उठले. लाथेसरशी टोपली उडाली. विखुरलेले कंद ते टाचेखाली एकेक करून चिरडू लागले. दर टाचेला ओली कचकच उठत होती. लेकीने दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ते पायरीवर आपटले, कपाळ फुटलं. आता काठी तिच्या हातात होती, वर उचललेली.

बाबांनी डोकं हातांत लपवलं. कोपरं पुढे, हनुवटी छातीत. अगदी आई लपवायची तसं.

काठी खाली यायला किती वेळ लागतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. मग तिने काठी कुंपणापलीकडे भिरकावली आणि खांद्यावरचा पंचा त्यांच्याकडे टाकला.

"दाबून धरा कपाळावर."

सात कंद धड उरले होते. तिने तर्जनी मातीत खुपसली. खड्डा झाला सरळ, नेमका बोटभर. क्षणभर त्याच्याकडे बघून तिने तो बुजवला. मग तर्जनी मधल्या पेरात वाकवली, आईची होती तेवढी, आणि पुन्हा मातीत घातली. खड्डा तिरका झाला, थोडा उथळ. तिने कंद टोक वर करून त्यात बसवला, माती सारली, तळव्याने हलकेच दाबली.

"वाकडा झालाय," मागून बाबा पुटपुटले.

ती वीतभर पुढे सरकली.