लाथ लागली की चुकली

थांबा, मधे कुणी बोलू नका, नाहीतर मी विसरेन. माझा मामा माहितीये ना, मोबाइल दुरुस्त करणारा? ज्याला सगळे रिवाइंड म्हणतात? पूर्वी त्याच दुकानात त्याची व्हिडिओ लायब्ररी होती, आणि कुणी कॅसेट रिवाइंड न करता परत आणली की हा त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचा. म्हणून रिवाइंड. आणि रस्त्यापलीकडे सलून आहे ते झिरोकाकाचं. तुम्ही नटाचा फोटो न्या, हातापाया पडा, तो झिरो मशीनच फिरवणार. स्वतःची मिशी मात्र अशी राखलीये, की दुकानाला पाटी लावायची गरजच नाही.

तर हे दोघं अडतीस वर्षं भांडतायत. एका लाथेवरून!

हसू नका, ऐका. लायब्ररीत एक कॅसेट होती, तिच्यावर मामाने पेनाने लिहिलेलं, 'पोलीस कराटे, भाग दोन'. भाग एक कधी आलाच नाही. त्यात एक इन्स्पेक्टर असतो, त्याला कराटे येतं आणि बाकी काहीच येत नाही. पिस्तूल देतात, तो ते खाली ठेवतो आणि लाथ मारतो. दार उघडं असतं, तरी लाथ मारतो. तर शेवटी हा गोदामाच्या छपरावर, खाली खलनायक, खलनायकाने कमिशनरची मान धरलेली. इन्स्पेक्टर उडी मारतो, उजवा पाय पुढे, लाथ आता लागणार, आता लागणार... आणि पडद्यावर मुंग्या!

टेप तिथेच संपायची. खराब झाली असेल, असं सगळे म्हणायचे. पण रस्ताभर दोन पक्ष पडले ना! निम्मे म्हणायचे लागली, निम्मे म्हणायचे चुकली. हळूहळू लोकांची लग्नं झाली, मुलं झाली, डोकी ठिकाणावर आली. राहिले हे दोघं. झिरोकाका म्हणतो लागली, मामा म्हणतो चुकली. आणि पैज मिशीची. जो हरेल त्याने स्वतःची मिशी उतरवायची, कायमची.

रोज संध्याकाळी सहाला मामा सलूनच्या बाकड्यावर जाऊन बसतो. झिरोकाका म्हणतो, "लागली." मामा म्हणतो, "चुकली." मग तासभर तेच. मामी गेली ना, तेव्हा मामा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. आई समजावून थकली. नवव्या दिवशी झिरोकाका दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लाथ लागली होती." मामाने मान वर केली. मग म्हणाला, "चुकली." आणि ताट ओढून जेवला.

आता माझा पराक्रम ऐका. गेल्या मंगळवारी मी सलूनमध्ये बसलेले. मामा गिऱ्हाईक आलं म्हणून पलीकडे गेला. मी सहज फोनवर त्या सिनेमातला एक प्रसंग टाकला, 'इन्स्पेक्टर हात बांधलेले असताना पायाने कचऱ्याचा ट्रक चालवतो.' आणि सापडला! अख्खा सिनेमा, स्वच्छ, आणि खाली प्रेक्षकांची शेहेचाळीस मतं. मी अशी किंचाळले, की खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीसकट उभा राहिला.

झिरोकाका म्हणाला, "वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. एकाने लिहिलेलं, 'हिरोला गोळी डाव्या खांद्याला लागते, पट्टी उजव्याला बांधतात. डॉक्टरलाही कराटेच येत असावं. पाच तारे.' दुसरा म्हणे, 'बारा गुंड मार खायला आपली पाळी येईपर्यंत थांबतात. आमच्या बँकेत एवढी शिस्त नाही.' एका बाईने लिहिलेलं, 'बाबांचा आवडता सिनेमा. बाबांबद्दल आदर होता.' पण निम्म्या लोकांची रड एकच. 'शेवटची आठ मिनिटं बघू नका.' 'शेवटची आठ मिनिटं बघून टीव्हीकडे पाठ करून बसलो.'

"आठ मिनिटं," झिरोकाका म्हणाला. त्याचा वस्तरा हवेतच. "म्हणजे शेवट आहे."

"लावू का?"

"खबरदार! रिवाइंडसमोर बघायचा. रविवारी दुपारी, शटर ओढून. पैज आहे ती, चेष्टा नाही."

मी नाचत मामाकडे गेले. मला वाटलं, तो मला डोक्यावर घेईल. त्याच्या हातातला इवलासा स्क्रू खाली पडला, आणि त्याने तो शोधलासुद्धा नाही.

"काढून टाक," तो म्हणाला.

"काय?"

"तो सिनेमा. इंटरनेटवरून काढून टाक."

"मामा, ते काय भिंतीवरचं पोस्टर आहे का?"

मग त्याने मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. टेप खराब झालीच नव्हती. त्यानेच कापली होती! कॅसेट नवी आली तेव्हा पहिले सहा लोक शिव्या देत परत आले, शेवट इतका भिकार. लोकांना निदान तोंड तरी दाखवता यावं म्हणून याने स्क्रू काढले, शेवटची आठ मिनिटं कात्रीने उडवली, आणि कॅसेट परत बंद केली. झालं, तेव्हापासून लोक शिव्या देत नव्हते, भांडत होते. एकच कॅसेट, लोक चार-चारदा न्यायला लागले.

"आणि लाथ?" मी विचारलं.

"चुकते. हातभर चुकते."

म्हणजे बघा! अडतीस वर्षं याला माहीत होतं आणि हा पैज लावून बसला होता. मी म्हटलं, "मामा, मग तू तर जिंकलास!"

तो म्हणाला, "तू गप बस, बाई."

रविवार आला. शटर अर्धं खाली. फोन आरशाला टेकवून ठेवला, समोर दोघं दोन खुर्च्यांत, मागे मी उभी. झिरोकाकाने मिशीला तेल लावलेलं, नवा शर्ट. सिनेमा अगदी पहिल्यापासून बघितला, संवाद दोघांना पाठ. आणि मग छप्पर, उडी, उजवा पाय, मुंग्यांची जागा आली, आणि मुंग्या आल्याच नाहीत.

लाथ चुकली. खलनायक सांडलेल्या तेलावरून आपोआप घसरून पडला. इन्स्पेक्टर तसाच उडत खिडकीतून बाहेर, खाली नेमकी अँब्युलन्स. पुढची सात मिनिटं हॉस्पिटल! सगळं पोलीस खातं पलंगाभोवती गाणं म्हणतं, हा राजीनामा देतो आणि फुलांचं दुकान टाकतो. ज्याने आयुष्यात कुंडी धड ठेवली नाही, तो!

संपलं. मामाने तर 'चुकली' हा शब्दही काढला नाही. झिरोकाका उठला, वाटीत साबण घोटला, आरशासमोर उभा राहिला आणि स्वतःच्या मिशीला फेस लावायला लागला. हळूहळू, एकेक केस भिजवत. मग त्याने वस्तरा उघडला.

"थांब," मामा म्हणाला. "झिऱ्या, थांब. टेप मीच कापली होती."

वस्तरा नाकाखाली थांबला.

"कशाने?"

"कात्रीने."

"कुठल्या कात्रीने?"

मामा खाली बघत म्हणाला, "तुझ्याच."

"ती!" झिरोकाका ओरडला. "ती लांब दांड्याची? अरे दोन महिने मी तिला धार लावत होतो! तीन गिऱ्हाइकांचे कान थोडक्यात वाचले!" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे तुला माहीत होतं. चुकली ते."

"हो."

"मग तेव्हाच माझी मिशी का नाही घेतलीस?"

"घेऊन काय करू?" मामा म्हणाला. "मग सहा वाजता जाऊ कुठे?"

झिरोकाकाने फेसातून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "खुर्चीत बस."

"का?"

"लबाड माणसाची मिशी जाते. बस!"

मामा निमूट बसला. याने त्याला फडकं गुंडाळलं, फेस लावला, असा भसाभस, की अर्धा नाकात. मला रडू यायला लागलं. मी काहीतरी करायचं म्हणून फोन उचलला, तर बोट लागून सिनेमा मागे गेला आणि परत ती उडी सुरू झाली.

"थांबव!" झिरोकाका ओरडला. "मागे घे. अजून मागे. आता हळू सोड." तो नाक फोनला लावून उभा. "भांग बघ त्याचा."

"कुणाचा?"

"खलनायकाचा! भांग डावीकडे आहे ना? आता बघ. पाय अजून जमिनीवर आहे, घसरलेला नाही. आणि भांग? भांग मोडला! केस आधी उडाले, पाय नंतर घसरला. केस कशाने उडाले? चाळीस वर्षं केस बघतोय मी, मला शिकवू नका. लाथ लागली! केसांना लागली!"

मामा फडक्यासकट खुर्चीतून उठला. "वारा होता!"

"बंद गोदामात?"

"छप्पर उघडं होतं! तोच नाही का तिथून आला!"

आणि सुरू! दोघं फेसाच्या मिशा घेऊन त्या एवढ्याशा फोनवर डोकी आपटतायत, मागे घे, पुढे घे, तो फेस वाळून पांढरा पडला तरी. सत्तेचाळिसावं मत झिरोकाकाने मला सांगून लिहून घेतलं, 'लाथ लागली. भांग बघा. पुढची आठ मिनिटं बघू नका. पाच तारे.' लगेच मामाने अठ्ठेचाळिसावं ठोकलं, 'चुकली. वारा होता. दोन तारे.'

आता ठरलंय असं, की येत्या रविवारपर्यंत त्या मतांच्या खाली ज्याच्या बाजूने जास्त लोक लिहितील तो जिंकला. आणि कुठल्या कुठल्या चार अनोळखी लोकांनी आत्ताच लिहिलंय, 'भांग पाहिला, लागली.' झिरोकाका हवेत आहे. परवापासून धार लावलेला वस्तरा मामाला दाखवतोय.

म्हणून तर धावत आले ना! तुम्ही पाच जण आहात. फोन काढा सगळ्यांनी आणि लिहा, 'चुकली.'

काय? खरं सांगू? लागलीच आहे रे. मी तो भांग वीसदा बघितला, चांगला मोडतो. पण मिशी आमच्या मामाची आहे. लिहा पटकन.